अठरा वर्षांनंतरची शाळा : बौद्धिक अक्षमता, ख्रिस्ती संस्था आणि प्रौढपणाचा प्रश्न

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हडपसर सोडले की मांजरी लागते आणि त्याच मार्गावर लोणी, उरुळी, यवत ही स्थानके मागे टाकली की केडगाव येते. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले, परंतु त्याची ओळख आजही शेतीशी बांधलेली आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेली आणि आज वसंतदादांच्या नावाने ओळखली जाणारी साखर संस्था येथेच आहे, तसेच १९९७ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही येथेच आहे. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. एका बाजूला मातीत हात घालून शिकवण्याची आधुनिक व्यवस्था आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रातील ख्रिस्ती निवासी संस्थेचा सर्वांत ठळक नमुना, अशा या पट्ट्यात उभे राहून एक प्रश्न विचारणे सयुक्तिक ठरते : ज्याची बौद्धिक वाढ मंद आहे अशा मुलाला अठराव्या वर्षापर्यंत शाळा मिळाली, तर त्यापुढे शिकण्याची, राहण्याची आणि मोठे होण्याची जागा त्याला कोठे आहे, आणि ख्रिस्ती संस्थांनी त्या जागेच्या घडणीत काय दिले?

बौद्धिक अक्षमता म्हणजे तर्क करणे, शिकणे, अडचण सोडवणे या क्षमतांत आणि त्याचबरोबर रोजच्या व्यवहाराला लागणाऱ्या कौशल्यांत वाढीच्या वयापासूनच लक्षणीय मर्यादा असणे. तो मनोविकार नव्हे. मनोविकार कोणत्याही वयात उद्भवू शकतो आणि उपचाराने आटोक्यात येऊ शकतो, तर बौद्धिक अक्षमता ही आयुष्यभराची अवस्था असते, जिच्यावर औषध नसले तरी शिक्षणाचा परिणाम निश्चित होतो. २०११ च्या जनगणनेत या गटाची नोंद सुमारे १५ लाख अशी झाली. त्या नोंदीसाठी वापरलेला ‘मतिमंद’ हा शब्द शाळांच्या पाट्यांवर अजून दिसतो, परंतु २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तो मागे सारला आहे.

महाराष्ट्रात या क्षेत्राचा पाया ख्रिस्ती संस्थांनी एकट्याने घातला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मुंबईत मानखुर्द येथे चिल्ड्रेन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये अशा मुलांसाठी गृह सुरू केले, १९४४ मध्ये जय वकील यांच्या नावाने ओळखली जाणारी शाळा निघाली आणि पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांच्या प्रयत्नांतून ‘कामायनी’ उभी राहिली. ख्रिस्ती धर्मभगिनींचे काम या प्रवाहाला समांतर वाढले. मुंबईत सोफिया महाविद्यालयाच्या आवारातील एस. पी. जे. साधना शाळा सेक्रेड हार्ट संघाच्या भगिनींनी १९७३ मध्ये सुरू केली. जुने गोवे येथे कारितास संस्थेची सेंट झेवियर्स अकादमी आहे. साधना शाळेचे वेगळेपण तिच्या जागेतच आहे, कारण पदवी घेणाऱ्या मुली, पॉलिटेक्निकचे विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षम विद्यार्थी एकाच आवारात ये-जा करतात. महाविद्यालयात जाण्याच्या वयात महाविद्यालयाच्याच फाटकातून आत शिरणे, ही गोष्ट अशा तरुणाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने लहान नाही.

मात्र ख्रिस्ती परंपरेचे खरे योगदान शाळेपेक्षा सहवासात शोधावे लागते आणि त्यासाठी केडगावकडे पाहावे लागते. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुली व स्त्रिया आश्रयाला आल्यावर केडगावची वसाहत वाढली. तेथे शेत, गोठा, माग, तेलघाणा आणि छापखाना स्त्रियाच चालवीत; अंध स्त्रियांसाठी असलेल्या सदनाला मार्काच्या शुभवर्तमानातील आंधळ्या बर्तिमीचे नाव देण्यात आले आणि तेथे ब्रेल लिपी शिकवली जाई. बौद्धिक अक्षमतेचे शास्त्र तेव्हा आपल्याकडे पोहोचले नव्हते, परंतु शिक्षण, उत्पादक श्रम, प्रार्थना आणि निवारा एकाच छताखाली आणून आश्रिताला कामकरी बनवण्याची जी रीत रमाबाईंनी घालून दिली, तिच्याशी आजच्या निवासी कार्यशाळांच्या दिनक्रमाचे नाते उघड दिसते.

हा दिनक्रम बारकाईने पाहण्यासारखा असतो. सकाळची प्रार्थना झाली की हजेरी, वार, तारीख, हवामान यांची उजळणी होते, कारण काळाचे भान हे यांतील अनेकांना शिकवावेच लागते. त्यानंतर स्वावलंबनाचे धडे येतात : बटण लावणे, चप्पल उजवी-डावी ओळखणे, दाढी करणे, कणीक मळणे, डबा भरणे, रस्ता ओलांडणे, दहाची आणि शंभराची नोट वेगळी ओळखणे. विशेष शिक्षक यासाठी कृतिविश्लेषण ही पद्धत वापरतात, म्हणजे एक काम लहान लहान पायऱ्यांत तोडून प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे शिकवतात, आणि पुष्कळदा शेवटच्या पायरीपासून मागे येतात, जेणेकरून काम पुरे केल्याचे समाधान विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी मिळावे. प्रत्येकासाठी वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम लिहिला जातो, ज्यात पुढच्या काही महिन्यांत हा विद्यार्थी नेमके काय शिकेल आणि ते शिकला हे कशावरून ठरेल, याची नोंद असते. वर्गातील बाकीच्यांशी त्याची तुलना करण्याचे कारणच या पद्धतीत उरत नाही, आणि सर्वसाधारण शाळांनी घ्यावी अशी एकच गोष्ट निवडायची झाल्यास ती हीच निवडावी लागेल.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर विद्यार्थी शाळेतून कार्यशाळेत जातो. येथे मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फाइली, फिनाईल, मसाले, शिवणकाम, आणि दिवाळीच्या आधीचे दोन महिने पणत्या, उटणे व आकाशकंदील असा कामाचा क्रम असतो. शहरांतील दिवाळी प्रदर्शनांत या वस्तूंचे टेबल बहुतेक वाचकांनी पाहिलेले असते. त्या खरेदीमागची सद्भावना खरी असते, तरी तिच्यामुळे एक अडचण झाकली जाते : विकत घेणारा पणतीची किंमत देतो की करुणेची, हे वेगळे काढता येत नाही, आणि त्यामुळे कामगाराच्या हाती येणारी रक्कम मजुरी न ठरता विद्यावेतन ठरते. दहा-पंधरा वर्षे त्याच कार्यशाळेत तेच काम करणाऱ्या माणसाला प्रशिक्षणार्थी म्हणत राहणे न्याय्य नाही.

कार्यशाळेपलीकडची एक वाट परदेशात दिसते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील युनियन ग्रोव्ह येथे शेफर्ड्स कॉलेज नावाची ख्रिस्ती संस्था आहे, जी खास बौद्धिक अक्षम तरुणांसाठी तीन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम चालवते. तिच्या मूळ संस्थेने १९५७ पासून मुलांच्या निवासाचे काम केले आणि २००८ मध्ये महाविद्यालय सुरू झाले. फळबाग व रोपशेती, पाककला असे तिचे शिक्षणविषय असून स्वयंपाक, पैसा, वेळ आणि शेजार सांभाळून स्वतंत्रपणे राहणे हा त्या शिक्षणाचाच भाग मानला जातो. २००८ मध्येच अमेरिकी उच्चशिक्षण कायद्यातील दुरुस्तीने अशा विद्यार्थ्यांना शिक्षणासाठीच्या सरकारी साहाय्याची दारे उघडली. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि उच्चशिक्षणात ५ टक्के जागा राखल्या, परंतु त्या जागांपर्यंत पोहोचण्यासाठी बारावीची परीक्षा ओलांडावी लागत असल्याने बौद्धिक अक्षम तरुणाच्या वाट्याला त्या सहसा येत नाहीत. मांजरीसारख्या गावात, जेथे ऊस आणि द्राक्षांचे शास्त्र शिकवणारी माणसे आहेत आणि सोलापूर रस्त्याने उरुळीपर्यंत रोपवाटिकांची रांग आहे, तेथे पिशव्यांत माती भरणे, कलमे बांधणे, रोपांना पाणी देणे यांसारखी आखीव, पुन्हा पुन्हा येणारी आणि बाजारात खरी किंमत असलेली कामे शिकवणारे असे महाविद्यालय कल्पनेपलीकडचे वाटू नये.

शिकवणाऱ्यांच्या आयुष्याकडे मात्र समाजाचे लक्ष कमीच जाते. विशेष शिक्षकाला पदविका किंवा पदवी घेऊन भारतीय पुनर्वसन परिषदेच्या, म्हणजे १९९२ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या परिषदेच्या, नोंदवहीत नाव नोंदवावे लागते. त्याच्या जोडीला वाचोपचारतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि हस्तव्यवसाय शिकवणारे निदेशक असतात. परंतु संस्थेचा दिवस, आणि विशेषतः रात्र, ज्यांच्या बळावर निभावते त्या काळजीवाहक स्त्रिया, ज्यांना सारे ‘मावशी’ म्हणतात. अपस्माराचा झटका कधी आला, कोणाचे पोट बिघडले, कोण आज जेवले नाही आणि का, हे त्यांनाच प्रथम कळते. बोलू न शकणाऱ्या विद्यार्थ्याच्या खुणांचा अर्थ लावणाऱ्याही त्याच, आणि वेतनश्रेणीत तळाशी असणाऱ्याही त्याच.

ख्रिस्ती संस्थांत या उतरंडीला छेद देणारा एक विचार रुजला, तो म्हणजे सेवक आणि सेवित यांनी एकाच घरात राहावे. १९६४ मध्ये फ्रान्समधील त्रोली-ब्रय या खेड्यात जाँ व्हानिए यांनी दोन बौद्धिक अक्षम पुरुषांसह सुरू केलेल्या घरातून ‘लार्श’ ही चळवळ वाढली. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी बंगळुरूला आणि पुढे कोलकाता, चेन्नई व केरळमध्ये ती ‘आशा निकेतन’ या नावाने आली, आणि भारतात तिची घरे हिंदू, मुस्लिम व ख्रिस्ती अशा सर्वांची मिळून झाली. येल आणि हार्वर्डमध्ये शिकवलेले धर्मगुरू हेन्री नोवेन १९८६ मध्ये टोरोंटोजवळच्या लार्श घरात राहायला गेले आणि तेथे ॲडम नावाच्या, बोलू वा चालू न शकणाऱ्या तरुणाला सकाळी उठवून अंघोळ घालण्याचे, भरवण्याचे काम त्यांच्याकडे आले. या संथ कामात आपल्याला शिक्षक लाभला अशी त्यांची धारणा झाली, आणि तिच्यातून त्यांनी ॲडमवरचे पुस्तक लिहिले. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात कोळवण खोऱ्यात १९९४ पासून चालणारे ‘साधना व्हिलेज’ ही ख्रिस्ती संस्था नाही, तरी प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्तींनी कुटुंबासारख्या घरांत कार्यकर्त्यांसह राहावे ही तिची मांडणी याच जातीची आहे.

या परंपरेची काळी बाजूही सांगितली पाहिजे. व्हानिए यांच्या मृत्यूनंतर २०२० मध्ये खुद्द लार्शने करवून घेतलेल्या चौकशीत त्यांनी सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे निष्पन्न झाले. त्या स्त्रिया बौद्धिक अक्षम नव्हत्या. तरीही ज्या संस्थेचा डोलारा एका माणसाच्या साधुत्वावर उभा असतो तेथे तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा किती आवश्यक आहे, हे यातून दिसले. पुणे जिल्ह्यातही एक जखम आहे. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूर येथील शासकीय गृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली आणि मासिक पाळीतील स्वच्छता त्यांना जमत नाही हे कारण पुढे करण्यात आले. स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवल्यावर हा प्रकार थांबला. पाळीची स्वच्छता ही कृतिविश्लेषणाने, चित्रांच्या तक्त्यांनी आणि महिनोन्‌महिन्यांच्या सरावाने पुष्कळ मुलींना शिकवता येते, हे विशेष शिक्षिकांना ठाऊक असते. जेथे शिकवणारे हात पुरेसे नसतात तेथे शस्त्र सोपे वाटू लागते.

प्रौढपणाच्या प्रश्नाचा गाभा निर्णयाच्या अधिकारात आहे आणि येथे धर्म व कायदा दोघांनाही आपापल्या जुन्या भूमिका तपासाव्या लागल्या. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेतील ९९ वे कलम विवेकशक्तीचा कायम अभाव असलेल्या व्यक्तीला बालकासमान लेखते. भारतीय करार कायदा १८७२ पासून करार करणारी व्यक्ती सुदृढ मनाची असावी अशी अट घालतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांवरील बौद्धिक अक्षम व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली, ज्यामुळे बँकेचे खाते, मिळकत आणि औषधोपचार यांचे व्यवहार मार्गी लागले आणि ‘आमच्यामागे याचे कसे होणार’ या आईबापांच्या काळजीला काही आधार मिळाला. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला, त्यानंतर २०१६ च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांसारखीच मानून मर्यादित पालकत्वाची, म्हणजे व्यक्तीशी सल्लामसलत करून, तिच्या इच्छेनुसार आणि विशिष्ट निर्णयापुरत्याच पालकत्वाची कल्पना आणली. त्याआधी २००९ मध्ये चंदीगढमधील एका निवासिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीची संमती गर्भपाताच्या निर्णयात डावलता येणार नाही, असे ठरवले होते.

कायद्याचे हे वळण संस्थेच्या रोजच्या जगण्यात फार लहान गोष्टींतून उतरते. पंचवीस वर्षांच्या माणसाला ‘बाळ’ म्हणावे की नावाने हाक मारावी, आजचा शर्ट त्याने निवडावा की कपाटातून काढून द्यावा, प्रार्थनेला बसायचे नसेल तर त्याला बाहेर अंगणात राहू द्यावे का, दोन विद्यार्थ्यांची जवळीक वाढली तर तिच्याकडे पाहण्याची रीत कोणती, या प्रश्नांची उत्तरे कर्मचाऱ्यांना दिवसातून अनेकदा द्यावी लागतात. यांतील प्रार्थनेचा प्रश्न ख्रिस्ती संस्थांसाठी अधिक नाजूक आहे, कारण महाराष्ट्रात त्यांचे विद्यार्थी बहुसंख्येने ख्रिस्तेतर घरांतून येतात, आणि ज्याला नकार शब्दांत मांडता येत नाही त्याच्या बाबतीत धर्माचरणाचा आग्रह अधिकच जपून धरावा लागतो. नाताळाचा गोठा, गणपती आणि दिवाळीची रांगोळी एकाच दालनात मांडणाऱ्या संस्थांनी यावर शोधलेला मार्ग व्यवहारात टिकला आहे.

आता या संस्थांपुढे एक नवी अवस्था येत आहे. अमेरिकेतील आकडेवारीनुसार डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान १९८३ मध्ये सुमारे २५ वर्षे होते, ते आता ६० च्या आसपास आहे. हृदयावरील शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके यांचा त्यात मोठा वाटा आहे. त्याचबरोबर या व्यक्तींत अल्झायमरचा विकार इतरांपेक्षा कितीतरी लवकर, अनेकदा पन्नाशीतच, दिसू लागतो. लहानपणी ज्यांना बटण लावायला शिकवले, त्यांचे ते कौशल्य आता हळूहळू जाताना त्याच शिक्षकांना पाहावे लागणार आहे, आणि तेव्हा विद्यार्थ्यांचे आईवडील हयात नसतील. धर्मभगिनींच्या संघांतही नव्या दीक्षा कमी होत असल्याने रात्रपाळीचे काम पगारी मावशींवर जाऊ लागले आहे. विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत. वार्धक्याची शुश्रूषा, स्मृतिभ्रंशाची पहिली चिन्हे ओळखणे आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातील निर्णयांत अशा व्यक्तीचे मत कसे घ्यावे, हे विषय त्यांत ठळकपणे आणण्याचे काम बाकी आहे.