खरेदी आणि भागीदारी

एक कंपनी दुसरी कंपनी विकत घेते, किंवा तिच्याशीं भागीदारी जोडते, तेव्हां लोकांचें लक्ष रकमेच्या आंकड्याकडे जातें. वाणिज्यशास्त्राचा संशोधक त्यापुढें जाऊन विचारतो : जें बाजारांत विकत मिळतें, तें एका मालकीखालीं आणण्याचें कारण काय ? हा प्रश्न रोनाल्ड कोज यांनीं १९३७ सालीं मांडला. त्यांचें उत्तर असें कीं, भाव शोधणें, करार करणें व ते पाळले जातात कीं नाहीं हें पाहणें, यांनाही खर्च पडतो. हा खर्च भारी झाला म्हणजे मालकी एक करणें परवडतें. जेथें दोघांचेंही कौशल्य हवें असून कोणीच आपलें घर सोडूं इच्छीत नाहीं, तेथें भागीदारी होते.

या दोन्ही प्रकारांचीं उदाहरणें ठाणें व कल्याण-डोंबिवली या टापूंत सांपडतात. ठाण्याची रेमंड ही लोकरीची गिरणी १९२५ सालीं निघाली आणि १९४४ सालीं कैलासपत सिंघानिया यांच्या हातीं आली. त्या वेळीं तेथें मुख्यतः जाडेंभरडें लोकरी कापड व ब्लँकेटें निघत. पुढें यंत्रें बदललीं, कापड तलम झालें आणि गिरणीचें नांव देशभर पसरलें. मालकी एका हातीं असल्यानें असा निर्णय घेणें सुकर होतें.

भागीदारीची गोष्ट वेगळी. प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं भागीदारी केली. तिची मोटार कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यांत तयार होऊं लागली. त्याच सुमारास प्रीमियरनें इटलीच्या फियाटशींही नवा संबंध जोडला. त्यांत कामगारांचा तंटा उद्भवला आणि १९९७ सालीं प्यूजो परत गेली. करारांत कितीही कलमें घातलीं, तरी परस्परांचा विश्वास कलमांत बसवितां येत नाहीं, हें अशा प्रकरणांवरून दिसून येतें.

यश मोजण्यासाठीं संशोधक बहुधा व्यवहार जाहीर होण्यापूर्वींचे व नंतरचे शेअरांचे भाव ताडून पाहतात. त्यांत विकल्या जाणाऱ्या कंपनीच्या भागधारकांना सामान्यतः लाभ झालेला आढळतो. घेणाऱ्याच्या पदरीं मात्र सरासरीनें फारसें पडत नाहीं. परंतु यंत्रावर उभा असलेला कामगार किंवा सुटे भाग पुरविणारा लहान कारखानदार शेअरबाजाराच्या त्या आंकड्यांत नसतो. त्याचा हिशेब लागण्यास वर्षें जावीं लागतात.

ठाण्याची ती गिरणी २००९ सालीं बंद झाली. तिच्या जमिनीवर आतां निवासी इमारती उठल्या आहेत. १९४४ ची खरेदी यशस्वी झाली काय, या प्रश्नाचें उत्तर १९६० सालीं एक आलें असतें, २०१० सालीं दुसरें. म्हणून हिशेब कोणाचा आणि कोणत्या वर्षापर्यंतचा, हें संशोधकाला आधीं ठरवावें लागतें.