यंत्र बसवण्याआधी ईसीजीची पट्टी पाहा

सूरजागडहून एटापल्ली, आलापल्ली, गडचिरोली करत नागपूर गाठायचं म्हणजे दिवस मोडतो. धाप आणि पायांवरची सूज घेऊन तिथवर पोहोचलेल्या रुग्णाला ‘तीन तारांचा पेसमेकर बसवा’ असं सांगितलं, की घरचे विचारतात, याने फरक पडेल ना? प्रश्न रास्त आहे. सीआरटी नावाच्या या उपचाराचा जवळपास एक तृतीयांश रुग्णांना अपेक्षित फायदा होत नाही.

फायदा कुणाला होईल हे इकोत हृदयाची हालचाल बघून आधीच कळतं, हा मोठा गैरसमज. भिंती एका तालात हलत नसल्या की यंत्र लागू पडणारच, असं पूर्वी अनेक डॉक्टरांनाही वाटे. 2008 साली प्रॉस्पेक्ट अभ्यासात सुमारे पाचशे रुग्णांवर इकोची 12 मापं तपासली गेली. एकाही मापावर विसंबता येईना. 2013 च्या इको-सीआरटी अभ्यासात ईसीजीवरची लाट अरुंद, पण इकोत हालचाल बेताल, असे रुग्ण घेतले होते. त्यांच्यात सीआरटी चालू ठेवलेल्या गटातच मृत्यू जास्त झाले.

म्हणून साध्या ईसीजीला कमी लेखू नका. पट्टी सेकंदाला 25 मिलिमीटर सरकते, म्हणजे एक बारीक चौकोन 40 मिलिसेकंदांचा. क्यूआरएस ही टोकदार लाट 150 मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ चार चौकोन रुंद असेल आणि डावा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूला वीज नेणाऱ्या वाटेतला अडथळा) असेल, तर फायद्याची शक्यता सर्वांत जास्त. लाट 130 च्या आत असेल तर सहसा सीआरटी करत नाहीत.

मग इको कशाला? डावा कप्पा दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, ते त्यावरून कळतं. हा आकडा 35 किंवा त्याहून कमी असेल तर यंत्राचा विचार होतो. तोही औषधं नीट घेऊन साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर. औषधांनीच आकडा पुरेसा वर गेला तर यंत्र टळू शकतं.

एमआरआयचं काम वेगळं. स्नायू मरून कुठे व्रण झाला आहे, ते त्यात दिसतं. व्रणावर तार बसली तर तिथून वीज नीट पसरत नाही. शक्यतो ही तपासणी यंत्र बसवण्याआधीच करावी; नंतर धातूमुळे चित्र बिघडतं.

नागपूरला निघताना जुन्या पट्ट्या, इकोचे रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्या. पट्टीवरची रेघ दिवसेंदिवस फिकी पडते, तिचा फोटो आजच काढून ठेवा. आणि लाट किती रुंद आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.