तोळाभर धूळ

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॉटचं. पूर्ण क्षमतेनं चाललं तर दिवसाला सात कोटी युनिट. युनिटमागे 700 ग्रॅम कोळसा धरा, रोजचा 49 हजार टन झाला. आपल्या कोळशात राख फार. 35 टक्के धरली तरी 17 हजार टन. त्यातली 80 टक्के धुराबरोबर उडते आणि चिमणीच्या अलीकडे विजेचा भार देऊन पकडली जाते. हजारातले 999 भाग पकडले, तरी निसटलेला एक भाग जवळजवळ 14 टन भरतो!

आता हवेचा हिशोब. दहा किलोमीटर लांब, तितकीच रुंद आणि एक किलोमीटर उंच हवा घ्या. तिच्यात दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, आहेत असं समजा. ही आपल्याकडची 24 तासांची मर्यादा. सगळं मिळून किती? सहा टन, एक ट्रकभर. राखेचे सगळेच कण इतके बारीक नसतात, वाराही ते लांब नेतो, हे खरं. पण इथे खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, रस्त्यावरची धूळ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या पाहणीत 88 औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर चौथं होतं, ते उगाच नाही.

एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास. 60 मायक्रोग्रॅम म्हणजे तिचा दोन कोटीवा हिस्सा. तो मोजायचा कसा? पंप तासाला एक घनमीटर हवा फिल्टरमधून ओढतो. दिवसभरात फिल्टरवर जमते जेमतेम दीड मिलिग्रॅम धूळ. म्हणून कोरा फिल्टर आणि वापरलेला फिल्टर, दोन्ही ठरलेल्या तापमानात, ठरलेल्या आर्द्रतेत 24 तास ठेवून मगच मायक्रोग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलतात. बोट लावायचं नाही, चिमट्यानंच उचलायचा. हाताने चालणाऱ्या केंद्रांवर हे आठवड्यातून दोनदा, वर्षाला 104 दिवस. बाकीच्या दिवसांसाठी स्वयंचलित केंद्रांकडे बघायचं.

माणूस दिवसाला सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो. हवेत कायम 60 मायक्रोग्रॅम असतील, तर साठ वर्षांत 13 ग्रॅम धूळ नाकातून आत गेली, एका तोळ्याहून थोडी जास्त. बरीचशी उच्छ्वासाबरोबर परतही जाते. एवढ्याशा धुळीची भीती कसली, असं कुणी म्हणेल. तर संख्या बघा. सगळे कण अडीच मायक्रॉनचे असतील, तर या 60 मायक्रोग्रॅममध्ये ते 50 लाखांच्या आसपास भरतात. व्यास दहापट कमी केला की तेवढ्याच वजनात 500 कोटी, म्हणजे एका श्वासात 25 लाख. आणि खोलवर शिरतात ते हेच बारके.

नियम मात्र वजनाचेच आहेत. आपली मर्यादा 60, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 15. हवेत कण किती असावेत, यावर आपल्याकडे मर्यादाच नाही.