डोकं तेवढं बाहेर

१९७० साली ओसाकाजवळ सुइता इथं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. सहा महिन्यांत सहा कोटींहून जास्त माणसं ते बघून गेली. चंद्रावरून आणलेला दगड तिथं होता, आणि सान्यो कंपनीच्या दालनात एक आंघोळही होती. अंड्याच्या आकाराची मोठी कुपी, आत बसलेली एक तरुणी. कुपी बंद झाली की गरम पाणी यायचं, अल्ट्रासॉनिक लहरींनी बुडबुडे उठायचे, मसाजसाठी सोडलेले लहान लहान चेंडू अंगावर आपटायचे, शेवटी पाणी निघून जायचं आणि गरम हवेनं अंग कोरडं व्हायचं. सगळं मिळून पंधराएक मिनिटांत. जपानी लोकांनी त्याला ‘माणसं धुण्याचं मशीन’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पुढे टिकलं.

त्या वेळचे फोटो बघताना एक गोष्ट मात्र खटकते. बाईचं डोकं कुपीच्या बाहेर आहे. मानेखालचं सगळं यंत्राच्या ताब्यात, मानेवरचं सगळं उघड्यावर. आंघोळ संपली तरी केस धुवायचे राहिलेलेच.

ही काही विसरभोळेपणानं झालेली चूक नव्हती. तीसेक वर्षांनी याच सान्योनं वृद्धाश्रमांसाठी आंघोळीचं यंत्र बाजारात आणलं. आजी-आजोबांना चाकांच्या खुर्चीत बसवून मागे सरकवायचं, शिंपल्यासारख्या दोन बाजू मिटायच्या, टब तयार. आत साबणाचं पाणी आपोआप फिरायचं. डोकं पुन्हा बाहेरच, आणि ते धुवायला शेजारी कुणीतरी माणूस उभा. इतक्या वर्षांत ट्रान्झिस्टरचा मायक्रोचिप झाला, पण शिकेकाई असो की शाम्पू, डोक्याला लावायला हात माणसाचाच लागत होता.

असं का? पहिलं उत्तर कुणीही देईल: डोक्यावर डोळे, नाक, कान, तोंड सगळंच दाटीवाटीनं बसलंय, त्यात साबण जाता कामा नये. दुसरं केसांचं. पाठीवर फिरणारा ब्रश केसांत फिरला तर दोन वेढ्यांत गुंता करून ठेवील. ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण माझ्या मते खरी अडचण तिसरीच आहे, आणि ती डोक्यात नाही, त्याच्या खाली आहे. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोंचं असतं आणि ते सगळं मानेच्या सात मणक्यांवर तोललेलं असतं. धुण्यासाठी ते कुठं टेकवायचं, कुणी धरायचं, हा प्रश्न सुटला की धुणं सोपं. डोकं धुण्याच्या जेवढ्या म्हणून युक्त्या माणसानं काढल्या, त्या बहुतेक मान सांभाळण्याच्या युक्त्या आहेत.

आपल्या न्हाणीघरातली रीत बघा. पाटावर बसायचं, मान पुढे घालायची, केस पुढे सोडायचे आणि मागून आई किंवा काकू तांब्यातांब्यानं पाणी ओतणार. पाठीचा कणा वाकलेला असतो, पण मान मागे कधीच जात नाही. आणि तान्ह्या बाळाची मान तर धरलेलीच नसते. म्हणून न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसून पाय लांब पसरते आणि बाळाला पायांवर घेते. दोन नडग्यांच्या मधल्या खाचेत बाळाचं अंग बसतं, डोकं घरंगळत नाही. मग एका हाताची आडवी ओंजळ ती बाळाच्या कपाळावर छपरासारखी धरते आणि दुसऱ्या हातानं पाणी सोडते. पाणी त्या ओंजळीवरून कानाच्या मागे उतरतं, डोळ्यांत जात नाही. उतार, आधार आणि पाण्याची वाट हे तिन्ही प्रश्न तिथं एका बाईच्या दोन पायांवर आणि दोन हातांवर सुटलेले असतात. हे यंत्र नव्हे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते एकदा करून बघावं.

जपानी न्हाव्याच्या दुकानातही जुनी पद्धत पुढे वाकण्याचीच. आरशाखालच्या बेसिनमध्ये गिऱ्हाईक मान घालतं, न्हावी मागून धुतो. तैवानमध्ये तर आणखी मजा आहे. तिथं खुर्चीत ताठ बसलेल्या माणसाच्याच डोक्यावर शाम्पू लावतात. बाटलीतून अगदी थोडं थोडं पाणी सोडत फेस काढायचा, तो डोक्यावर रचत न्यायचा, एक थेंब खांद्यावर पडू द्यायचा नाही. हे कसब बघायला प्रवासी मुद्दाम जातात. फेस काढून टाकायला शेवटी बेसिनकडे जावं लागतंच, पण चोळण्याचा सगळा वेळ मान सरळ असते.

मागे टेकून धुण्याची पद्धत मात्र ब्यूटी पार्लरनं जगभर नेली. तिची सोय उघड आहे: चेहऱ्यावरचा मेकअप वाचतो, डोळ्यांत पाणी जात नाही, कपडे भिजत नाहीत, आणि धुणाऱ्या मुलीला दोन्ही हात मोकळे मिळतात. बेसिनच्या काठाला मानेएवढी खाच असते, त्यात मान ठेवायची. ज्यांनी ठेवली आहे त्यांना तो गार, कडक काठ आठवत असेल. बेसिन एका उंचीचं, माणसं दहा उंचीची. बुटक्या बाईची मान ताणते, उंच बाई घसरून बसते, आणि दोघींच्याही ब्लाउजमध्ये पाण्याची एक बारीक धार हमखास उतरते.

गोष्ट नुसत्या गैरसोयीवर थांबत नाही. १९९३ साली मायकेल वाइनट्रॉब या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टनं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पाच बायकांची हकीकत छापली. पार्लरमध्ये केस धुऊन घेतल्यावर त्यांना मेंदूच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित त्रास झाला होता. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर चढतात. मान बराच वेळ मागे वाकलेली राहिली, वर ती वळवली गेली, तर या धमनीवर दाब येऊ शकतो, क्वचित तिच्या आतल्या थराला चीरही पडते. त्यानं या प्रकाराला ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’ असं नाव दिलं. असं फार क्वचित घडतं, हे लगेच सांगायला हवं, नाहीतर उद्यापासून पार्लरं ओस पडायची. पण या निबंधानंतर मानेखालच्या त्या खाचेकडे बघण्याची नजर बदलली. पुढे जपानी खुर्च्या बनवणाऱ्यांनी पाठ जवळजवळ आडवी करणाऱ्या खुर्च्या आणल्या. त्यात मान वाकत नाही. डोक्याला वेगळी उशी असते आणि बेसिन तिच्या खाली येतं. मागचे केस धुताना डोकं उचलावंही लागत नाही. खाटेवर पडल्यासारखं वाटतं आणि माणसं हमखास झोपी जातात.

अशी टेकवलेली, न हलणारी मान मिळाली, मग यंत्राला वाव आला. २०१० च्या सप्टेंबरअखेर टोकियोत घरगुती शुश्रूषेच्या साधनांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात पॅनासॉनिकनं डोकं धुणारा रोबो मांडला. लांबून बघितलं तर पार्लरमधली खुर्ची आणि बेसिनच. बेसिनच्या दोन्ही अंगांना एकेक हात, दोन्ही मिळून सोळा बोटं. माणूस मागे टेकला की हे हात आधी धुवायला लागत नाहीत, आधी मोजतात. डोक्यावरून फिरून त्याचा आकार टिपतात, तो साठवून ठेवतात. तोच माणूस पुन्हा आला की त्याचं डोकं आणि त्याच्या आवडीचा मसाज दोन्ही यंत्राला ठाऊक. मग कोमट पाणी, फेस, आणि बोटांचं चोळणं. प्रत्येक हाताचं झुलणं, दाबणं आणि चोळणं वेगवेगळ्या मोटरींवर चालायचं, आणि दाब किती पडतोय त्यावर सतत लक्ष. कवटी गुळगुळीत गोल नसते. कानामागे खोलगट, मागे फुगीर, वर थोडी चपटी. सगळीकडे सारखा दाब ठेवणं हीच खरी कारागिरी होती.

पहिल्या यंत्राची मोठी उणीव मानेजवळच होती. बाजूंनी आणि वरून हात फिरायचा, पण डोक्याचा मागचा भाग, जो टेकलेला असतो, तो नीट निघायचा नाही. पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत बोटं चोवीस झाली आणि मागचा भागही आवाक्यात आला. कंडिशनर लावणं, केस वाळवणं यांचीही भर पडली. २०१२ मध्ये ह्योगो प्रांतातल्या निशिनोमिया शहरात एका सलूनमध्ये खऱ्या गिऱ्हाइकांवर त्याची चाचणी झाली. रोबो मुळात पार्लरसाठी नव्हता. तेव्हा जपानमध्ये दर चार-पाच माणसांमागे एक जण पासष्टीच्या पुढचा होता, आणि इस्पितळात झोपून असलेल्यांची डोकी धुवायला हात कमी पडत होते. वॉर्डात मात्र असा रोबो काही सर्रास दिसू लागला नाही.

या गोष्टीत एक घरगुती धागाही आहे. सान्योचे संस्थापक तोशिओ इउए हे पॅनासॉनिकच्या कोनोसुके मात्सुशितांचे मेव्हणे, आणि आधी त्यांच्याच कंपनीत होते. २०११ पर्यंत सान्यो पूर्णपणे पॅनासॉनिकच्या मालकीची झाली. म्हणजे मानेखालचं धुणारं यंत्र मेव्हण्याच्या घरात, मानेवरचं धुणारं भावजींच्या, आणि शेवटी दोन्ही घरं एक. तरी दोन्ही यंत्रं जोडून कुणी एकच केलं नाही. उलट २०२५ च्या ओसाका प्रदर्शनात माणसं धुण्याचं नवं मशीन आणलं ते तिसऱ्याच, सायन्स नावाच्या कंपनीनं. तिचे अध्यक्ष यासुआकी आओयामा १९७० मध्ये शाळकरी पोर होते आणि त्यांनी ती जुनी कुपी डोळ्यांनी पाहिली होती.

रोबो वॉर्डात आला नाही, तेव्हा तिथं काय वापरतात? आपल्याकडची कुठलीही नर्सिंगची विद्यार्थिनी हे सांगेल: केलीज पॅड. हॉवर्ड केली हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे स्त्रीरोगतज्ज्ञ. शस्त्रक्रियेच्या आणि बाळंतपणाच्या वेळी पाणी-रक्त एका बाजूला वाहून जावं म्हणून त्यांनी रबराचं, फुगवलेल्या काठांचं हे पॅड काढलं. पुढे नर्सेसनी ते डोक्याखाली घातलं. रुग्णाला खाटेच्या कडेला आणायचं, खांद्यांखाली उशी, मानेखाली पॅडचा फुगीर काठ, आणि पॅडचं शेपूट खाली बादलीत. कानांत कापसाचे बोळे, डोळ्यांवर दुमडलेला रुमाल. लांब केसांचे आधी दोन भाग करून टोकांकडून गुंता सोडवायचा, मुळांकडून नव्हे. पाणी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर बघून मगच ओतायचं.

आणि पॅड नसेल तर? हे मला सगळ्यांत आवडतं. वर्तमानपत्रांची किंवा चादरीची लांब गुंडाळी करायची, तिच्यावरून मॅकिंटॉश, म्हणजे ते रबरी कापड, घालून तीन बाजूंचे काठ उंच करायचे. पन्हळ तयार. मॅकिंटॉश नसेल तर घरात प्लॅस्टिकचा कागद चालतो. पक्षाघात झालेल्या आजीचं डोकं महाराष्ट्रात आज हजारो घरांत याच पन्हळीवर धुतलं जातंय. रोबोनं डोक्याचा आकार मोजला तसा इथं कुणी मोजत नाही. गुंडाळी मानेला बसते का ते हातानं चाचपतात आणि एक कागद काढतात किंवा घालतात.

पाण्याचीच कटकट नको म्हणून पळवाटाही निघाल्या आहेत. इस्पितळातल्या रुग्णांसाठी काढलेला, पाण्यानं धुऊन काढावा न लागणारा शाम्पू अवकाशवीर वापरतात. २०१३ मध्ये कॅरन नायबर्ग या अंतराळवीर बाईंनी अवकाश स्थानकात केस धुऊन दाखवले, तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला. सगळे केस उभे, पाण्याचे थेंब तरंगतायत आणि बाई ते टॉवेलानं पकडतायत. वजनच नाही म्हटल्यावर मानेचा प्रश्नही मिटला! जमिनीवर टोकियोच्या क्यूबी हाउस या दहा मिनिटांत केस कापून देणाऱ्या दुकानांनी १९९६ पासून शाम्पूच बंद केला आणि कापलेले बारीक केस नळीनं ओढून घ्यायला लागले. त्यावर जपानमधल्या बऱ्याच प्रांतांनी दुकानात केस धुण्याचं बेसिन हवंच असे नियम केले. स्वच्छतेसाठी, असं कारण दिलं गेलं. जुन्या न्हाव्यांचा धंदाही त्यात सांभाळला गेला असेल, असं मला वाटतं.

आता आपल्या शहरांतही ‘जपानी हेड स्पा’च्या पाट्या दिसायला लागल्यात. आडवी खाट, कपाळावर अर्धगोल नळी, तिच्यातून डोक्यावर अखंड पाण्याची झालर. या खाटेवर मान सुखात असते हे खरं. पण दर त्यांचे, आणि सवड आपली. नेहमीच्या पार्लरात जायचं असेल तर बेसिनच्या खाचेत आधी टॉवेलाची जाड घडी मागून घ्यावी, खुर्चीत वर सरकून बसावं, आणि मान लटकतेय असं वाटलं की तोंडानं सांगावं. चक्कर आली तर लगेच उठावं. स्पाँडिलायसिस असेल तर सरळ पुढे वाकून धुवायला सांगावं. पार्लरवाल्या मुली एकमेकींकडे बघून हसतात, पण धुऊन देतात.