परतीची धाव

दुखापतीनंतर परतणाऱ्या खेळाडूला धास्ती असते ती पाय साथ देईल का, याची. एरवी आपोआप होणारी हालचाल तो पारखून करू लागतो आणि वेग हरवतो. पण जिला बाहेर काढले गेले, तिचे काय? ओडिशातील विणकर कुटुंबातल्या द्युती चंदला २०१४ साली, अठराव्या वर्षी, ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर वगळले. कारण, शरीरातील नैसर्गिक संप्रेरकाचे प्रमाण. २०१५ साली क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. बंदी उठली, तरी लोकांच्या नजरा लगेच बदलत नाहीत. अशा मुलीला ‘मन घट्ट कर’ म्हणणे म्हणजे सारे ओझे तिच्यावरच टाकणे. (शाळा सुटून पुन्हा वर्गात आलेल्या आपल्या मुलांनाही हेच ऐकवले जाते.) २०१६ साली रिओत द्युती पहिल्या फेरीपुढे गेली नाही. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटर, दोन्हींत तिने रौप्यपदक घेतले.