मोबाईल हातात आहे. पण रुग्णाची नाडी?

आमच्या घरांतून नर्सिंगला जाणाऱ्या मुली थोड्या नाहीत. कुणाची आत्या जिल्हा रुग्णालयात सिस्टर होती, कुणाची मावशी ए.एन.एम. म्हणून उपकेंद्रावर पायपीट करीत होती. तिच्या पगारावर धाकटी भावंडे शिकली, पत्र्याच्या घरावर स्लॅब पडला. म्हणूनच मुलगी बारावी झाली की नर्सिंगचा विषय घरात आधी निघतो. या मुली आज कशा शिकत आहेत, हे पाहावे म्हणून आम्ही गेल्या काही महिन्यांत काही विद्यार्थिनींशी आणि त्यांना शिकविणाऱ्या भगिनींशी बोललो. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक प्रसंग. एका कॉलेजातील दुसऱ्या वर्षाच्या मुलीने मधुमेहाच्या रुग्णाचा केअर प्लॅन लिहून आणला. अक्षर सुंदर, इंग्रजी निर्दोष. त्यात लिहिले होते की, रुग्णाचे दोन्ही पाय रोज धुवावेत, कोरडे करावेत, बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. मॅडमनी वही मिटली आणि विचारले, "तुझ्या पेशंटला पाय किती?" मुलगी गप्प. त्या काकांचा डावा पाय गँगरीनमुळे गुडघ्याखालून काढलेला होता. अंगावर चादर होती. मुलीने निदान तेवढे केस पेपरवरून पाहिले, मोबाईलमधील ए.आय.ला विचारले आणि आलेले उत्तर वहीत उतरविले. चादर काही तिने उचलली नाही.

मॅडम आम्हाला म्हणाल्या, "पोरगी आळशी नाही हो. रात्री दोनपर्यंत जागून लिहिलं होतं तिने."

सवय लावली कोणी?

मुलींना दोष देणे सोपे आहे. पण मोबाईल त्यांच्या हातात दिला कोणी? प्रवेशाचा अर्ज ऑनलाईन, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन, नोटीस व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. २०२० साली कोरोनाची टाळेबंदी आली तेव्हा वर्ग मोबाईलवर भरले. इंजेक्शन कसे द्यावे, बेड कसा करावा, हेही पोरींनी घरातल्या ओट्यावर बसून व्हिडिओत पाहिले. ज्या बापाने उसनवारी करून तो मोबाईल घेतला, त्याच्या दृष्टीने ते पोरीचे दप्तरच होते.

दुसरे असे की, आपल्या पुष्कळ मुली मराठी माध्यमातून येतात. शरीररचनेचे जाडजूड इंग्रजी पुस्तक पुढ्यात आले की छाती दडपते. वर्गात उठून अर्थ विचारायची लाज वाटते. मोबाईलला विचारायला लाज वाटत नाही. तो हसत नाही आणि "एवढंही येत नाही?" असे म्हणत नाही. होस्टेलवर एकटे वाटले तर आईचा चेहराही त्यातच दिसतो. म्हणून मोबाईल काढून घेणे हा उपाय नव्हे. एका होस्टेलवर रात्री मोबाईल जमा करण्याचा नियम झाला, तेव्हा काही मुलींनी जुना बिघडलेला हँडसेट जमा केला आणि चालू हँडसेट उशीखाली ठेवला.

तरीही सवय कोठे संपते आणि अवलंबून राहणे कोठे सुरू होते, हे ओळखावे लागेल. अवघड शब्दाचा अर्थ पाहिला, ही सवय. मोबाईल जवळ नसला की साधा हिशेब सुचत नाही, हे अवलंबून राहणे. रात्री दोनपर्यंत रील पाहून सकाळच्या ड्युटीवर डोळे तारवटलेले, हेही तेच. आणि हे वॉर्डात घडते तेव्हा त्याची किंमत खाटेवरचा माणूस देतो.

हिशेबाची दोन उदाहरणे

५०० मि.ली. सलाईन ४ तासांत द्यायचे आहे. एका मि.ली.ला २० थेंब पाडणारा सेट असेल तर एकूण १०,००० थेंब झाले. ४ तासांची २४० मिनिटे. भागाकार केला की मिनिटाला सुमारे ४२ थेंब येतात. पण लहान मुलांसाठी वापरतात तो ६० थेंबांचा सेट लावला असेल, तर तेच उत्तर १२५ होते. मोबाईल भागाकार बिनचूक करील. स्टँडला कोणता सेट टांगला आहे, हे मात्र त्याला कोणीतरी सांगावे लागते.

इन्सुलिनचे उदाहरण याहून गंभीर आहे. आपल्याकडे एका मि.ली.त ४० युनिट असलेली बाटली सर्रास मिळते आणि १०० युनिटचीही मिळते. अमेरिकेत मात्र १०० युनिटचीच रूढ आहे. तिकडचे लिखाण वाचून तयार झालेले यंत्र सहज सांगून जाते की, १० युनिट म्हणजे ०.१ मि.ली. आपल्या ४० च्या बाटलीतून तेवढे काढले तर रुग्णाला मिळतात अवघी ४ युनिट. उलट १०० ची बाटली आणि ४० ची लाल टोपीची सिरिंज अशी गाठ पडली, तर डोस अडीच पट जातो. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजची टोपी पाहणे हे सिस्टरच्या डोळ्यांचे काम आहे.

ए.आय. दारात नाही, वॉर्डात आहे

कोणी म्हणेल, मग हे ए.आय.चे खूळ दूरच ठेवावे. पण तसे करता येणार नाही, कारण ते आलेले आहे. छातीचा एक्स-रे वाचून क्षयरोगाचा संशय सांगणाऱ्या संगणकीय पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली, १५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांच्या तपासणीसाठी मान्यता दिली. असे काम करणारी क्यूअर डॉट ए.आय. ही कंपनी आपल्या मुंबईचीच आहे. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर झालेली इजा फोटोवरून ओळखणाऱ्या यंत्राच्या अभ्यासात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा सहभाग होता. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. जिथे तज्ज्ञ डॉक्टर पोहोचत नाही, तिथे अशा यंत्राचा मोठा आधार होऊ शकतो. आपल्या खेड्यापाड्यांतील माणसांचे त्यात हितच आहे.

पण यंत्र चालविते कोण? थायलंडमधील गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गूगलचे डोळे तपासणारे यंत्र तेथील ११ दवाखान्यांत नेले. फोटो काढायचे होते परिचारिकांनी. प्रयोगशाळेत उत्तम चाललेले यंत्र दवाखान्यात अडू लागले. खोलीत पुरेसा अंधार नाही, फोटो धूसर येतो, म्हणून १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो यंत्राने नाकारले. फोटो नाकारला की रुग्णाने दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात जायचे, म्हणजे मजुरी बुडवायची. परिचारिकेला आजाराचे चिन्ह दिसत नसले तरी यंत्राचा नियम तो नियम. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाचा धडा असा की, ज्या परिचारिकांच्या हाती यंत्र द्यायचे त्यांना आधी विचारावे.

यंत्र कोणाकडे पाहून शिकले?

यापुढील गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवावी. कोरोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले की, काळ्या वर्णाच्या रुग्णांत हे यंत्र रक्तातील प्राणवायू खऱ्यापेक्षा जास्त दाखविते. लपून राहिलेली कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात जवळजवळ तिप्पट वेळा निसटत होती. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ साली, तिथल्याच एका संगणकीय पद्धतीचा दोष उघड झाला. कोणाला जास्त उपचारांची गरज आहे, हे ती पद्धत आधी झालेल्या खर्चावरून ठरवीत होती. काळ्या लोकांवर मुळातच खर्च कमी होत आला होता. म्हणून ते कमी आजारी आहेत, असा उलटा निष्कर्ष यंत्राने काढला. ती चूक दुरुस्त केल्यास जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत काळ्या रुग्णांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे अभ्यासकांनी मोजून दाखविले.

या यंत्राला जात-वर्ण कोणी शिकविला नव्हता. जुन्या नोंदींत जो अन्याय होता तोच ते शिकले. ज्यांच्या आजाराची नोंद कधी नीट झाली नाही, ज्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच परत पाठविले गेले, ती माणसे यंत्राच्या लेखी नसल्यासारखीच असतात. हे आमच्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून नोंद करणारी सिस्टर खरी आणि पुरी नोंद करील, तर उद्याचे यंत्रही थोडे अधिक खरे बोलेल.

तयारी म्हणजे काय?

तुर्कस्तानातील अभ्यासकांनी २०२१ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांची ए.आय.साठीची तयारी मोजण्याकरिता २२ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. तिचे चार भाग आहेत: यंत्राचे काम समजणे, ते वापरता येणे, त्याचे फायदे व मर्यादा ओळखणे आणि नीतीचे भान ठेवणे. मोबाईल सराईतपणे चालविणारी मुलगी पार पडली तर दुसऱ्या भागात पडेल. बाकीचे तीन भाग शिकवावेच लागतात.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात आरोग्य माहितीशास्त्र व तंत्रज्ञान हा विषय दुसऱ्या सत्रात आला, ही चांगली गोष्ट झाली. पण तो नुसता पाठ करून सुटणारा विषय नाही. शिक्षक भगिनींना आमची विनंती आहे की, एकदा वर्गातच ए.आय.कडून केअर प्लॅन करून घ्यावा आणि मुलींना तो घेऊन खाटेजवळ पाठवावे. त्यात काय चुकले ते त्यांनीच शोधून आणावे. इतका चांगला धडा दुसरा नाही.

विद्यार्थिनींना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, आधी रुग्ण पाहा, मग मोबाईल पाहा. दुसरी, श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. प्रौढ माणसाचे १२ ते २० श्वास ठीक समजतात. ऑक्सिमीटर ९६ दाखवीत असेल आणि माणूस धापा टाकीत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. तिसरी, औषधाचा हिशेब आधी कागदावर करा, मग यंत्रावर ताडून पाहा. चौथी, रुग्णाच्या केस पेपरचा किंवा जखमेचा फोटो काढून कोणत्याही ए.आय.मध्ये टाकू नका. एड्सची तपासणी, गर्भपात, मनाचा आजार, या गोष्टी त्याने विश्वासाने सांगितलेल्या असतात. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण कायदा नसता तरी हा विश्वास मोडायचा नसतो.

आणि आई-वडिलांसाठी एकच सांगणे. लेकीला रात्री अकराला व्हिडिओ कॉल लावू नका, तिला झोपू द्या. संध्याकाळी बोलाल तेव्हा "मार्क किती पडले?" याच्या आधी "आज कोणत्या पेशंटशी बोललीस? काय म्हणाले ते?" असे विचारा. घरातून रोज हा प्रश्न येतो म्हटल्यावर तिला उत्तर शोधावेच लागेल, आणि ते मोबाईलमध्ये सापडणार नाही.

वर सांगितलेल्या मुलीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. मॅडमनी तिला नापास केले नाही. त्याच काकांकडे परत पाठविले. ती अर्धा तास बसली. काका म्हणाले, "पाय गेला त्याचं एवढं नाही बाई. पण नसलेल्या पायाची बोटं रात्री ठणकतात, हे सांगितलं तर लोक हसतात." पाय काढलेल्या रुग्णांना अशा वेदना खरोखर होतात आणि त्यांवर उपचारही असतो. मुलीने ते लिहून घेतले आणि डॉक्टरांना सांगितले. त्या दिवशी तिने लिहिलेल्या केअर प्लॅनचे इंग्रजी मोडकेतोडके होते. मॅडमनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.