बदलापूर की टिटवाळा?

ऑफिसातल्या नव्या मुलीने काल विचारलं, "दादा, भाड्याने घर बदलापूरला बघू की टिटवाळ्याला?"

कल्याणला रुळांना दोन फाटे फुटतात. बदलापूर कर्जतच्या बाजूला, टिटवाळा कसाऱ्याच्या. लोकल दोन्हीकडून सुटतात, म्हणजे सकाळी बसायला मिळायची थोडी आशा. (थोडीच!)

माझं मत बदलापूरला. बाजार, शाळा, दवाखाने जास्त. फक्त उल्हास नदीलगत तळमजला नको. जुलै २०१९चा पूर आठवा. आजूबाजूच्या दुकानदारांना विचारा, पाणी कुठवर चढलं होतं. एजंट सांगणार नाही.

टिटवाळा त्यामानाने शांत, अंगारकीला गणपतीच्या देवळातली गर्दी सोडून.

घर कुठेही घ्या, करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी हवीच. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी घरमालकाची.